ऊन चालणार नाही

केडगाव, २७ जुलै

धनश्री,

मोबाईलवर ब्लॉक करता येतं, कागदावर येत नाही. म्हणून कागद. दवाखान्याच्या काउंटरवर औषधांचा बॉक्स ठेवताना कापसाच्या पुड्याखाली ही चिठ्ठी सरकवणार आहे. काउंटरवर निकिता असते. तुझी रूममेट आहे, तुला देईलच. तिनं उघडून वाचली तरी माझी हरकत नाही, फक्त वाचून झाल्यावर घडी नीट घाल म्हणावं.

मुद्द्यावर येतो. काल दुपारी सावेडीत तुला बघितलं. रिक्षातून उतरत होतीस. नगरच्या सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ बांधतात, त्यात काही नाही. पण तू स्कार्फवर टोपी आणि टोपीवर छत्री असा बंदोबस्त केला होतास, आणि पावसाचा एक थेंब नव्हता. रिक्षावाल्याला पैसे देताना स्कार्फ सुटला. गाल दिसला. लालभडक, आणि त्यावर बारीक बारीक ठिपके, कुणी टाचणी घेऊन निवांत टोचत बसल्यासारखे. मी गाडी स्टँडवर लावेपर्यंत तू बोळात शिरलीस. मला बघून शिरलीस. ते मला कळलं नाही असं समजू नकोस.

आधी वाटलं, कुणी मारलं. डोकं सणकलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला जाऊन विचारलं, तर तो हसायला लागला. म्हणे, सुयांची ट्रीटमेंट असते ती, चेहरा तरुण करायची. वर मलाच विचारतो, वहिनी का? मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही.

आता तूच सांग. एकवीस वर्षांच्या पोरीला तरुण व्हायची काय गरज पडली? घरात आरसा बघायला कुणी सुया टोचून घेत नाही. चेहरा दुसऱ्या कुणाला तरी दाखवायचा असतो तेव्हाच माणूस त्याच्यामागं लागतं. मला दाखवायचा असता तर तू बोळात शिरली नसतीस.

जर्नलच्या त्या भानगडीनंतर तू बोलायची बंद झालीस. कॉलेजातल्या त्या पोरानं तुझं केमिस्ट्रीचं जर्नल परत द्यायला एवढा वेळ लावायचं कारण काय होतं, हे मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही. मी फक्त विचारायला गेलो होतो. चष्मा त्याचा त्यानं पाडला. प्रिन्सिपलनी मला काढलं असं जे कॉलेजात पसरलंय ते खोटं आहे. मी आपणहून सोडलं. दुसऱ्या वर्षात सोडलं काय आणि तिसऱ्यात सोडलं काय, मच्छिंद्रशेठच्या औषधांच्या होलसेलला कुणी सर्टिफिकेट मागत नाही. गाडी चालवता आली की झालं.

एकच विचारतो. तुझं लग्न ठरतंय का? होय किंवा नाही. तुझ्या तोंडून नाही ऐकलं की मी परत विचारणार नाही.

अमृत


केडगाव, ९ ऑगस्ट

धनश्री,

उत्तर नाही. ठीक आहे.

चिठ्ठी पोचल्याचं निकिताच्या तोंडावरून कळलं. ती आता मला अमृतदादा म्हणायला लागलीय. आज राखीपौर्णिमा, म्हणजे मुहूर्त साधला तिनं. हे तू शिकवलंस का तिला?

आज बिलावर शिक्का पाहिजे म्हणून मुद्दाम बसून राहिलो. बसल्या बसल्या भिंतीवरचा कागद वाचला. 'उन्हाने रापलेल्या, वांग आलेल्या, अकाली सुरकुतलेल्या चेहऱ्यासाठी दोन जोडउपचारांची तुलना. शेतात काम केलेल्या महिलांना प्राधान्य. उपचार विनामूल्य.' विनामूल्यवर माझं बोट थांबलं. नगरात गाडीत हवा भरायचेसुद्धा पैसे घेतात. हे कोण दानशूर?

निकिताला खोदून खोदून विचारलं. तिनं सांगितलं ते असं. एका गालाला बारीक सुयांचं यंत्र फिरवायचं, आणि तुझ्याच दंडातून काढलेलं रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातला पिवळसर भाग त्यावर लावायचा. दुसऱ्या गालाला त्याच सुया, पण नंतर हलका पील, म्हणजे वरची मेलेली साल उतरवणारं औषध. महिन्याला एक बैठक. मग फोटो काढायचे आणि बाहेरच्या एका डॉक्टरला दाखवायचे. कोणत्या गालाला काय केलंय ते त्याला सांगायचं नाही, त्यानं नुसता चेहरा बघून मार्क द्यायचे. म्हणजे तुझ्या नाकाच्या अलीकडे एक दवाखाना आणि पलीकडे दुसरा.

घरी येऊन मोबाईलवर शोधलं. बी.एस्सी. सोडली म्हणून वाचता येत नाही असं नाही. एका ठिकाणी लिहिलंय रक्तवालं सरस. दुसरीकडे लिहिलंय पीलवालं तेवढंच चांगलं आणि स्वस्त. तिसरीकडे लिहिलंय की नक्की सांगता येत नाही, अजून अभ्यास व्हायला हवा. अजून अभ्यास व्हायला हवा म्हणजे कुणाचा तरी गाल हवा. आणि तो गाल ऊसतोडीवाल्याच्या पोरीचा असला की कुणी विचारायला येत नाही. मला हे सगळंच पटत नाही.

खरं सांगायचं तर डॉक्टरचा मला जास्त राग होता. रक्त काढताना तुझा हात कोण धरतं, यावर माझे दोन दिवस गेले. आज दार उघडून डॉक्टर बाहेर आले तर बाई निघाल्या. डॉ. पंकजा. पन्नाशीच्या असतील, चष्मा साखळीला लावलेला. मी उठून उभा राहिलो आणि उगाचच नमस्कार घातला.

तर डॉक्टर नाही. मग कोण?

तुझ्या डाव्या भुवईपाशी उसाच्या पात्यानं कापल्याची खूण आहे. अकरावीच्या सुट्टीत आईबापाबरोबर फडात गेली होतीस तेव्हाची. फर्स्ट इयरला लायब्ररीत तू मान खाली घालून लिहीत होतीस, तेव्हा तुझ्यात मी सगळ्यात आधी ती खूण बघितली. तीसुद्धा उडवणार का हे लोक? निदान एका शब्दानं विचारायचं तरी.

आणि एक. निघताना निकिता बोलून गेली की दसऱ्याच्या आत तिला... आणि जीभ चावून कॉम्प्युटरकडं वळली. दसऱ्याच्या आत काय? लग्नाची बोलणी? साखरपुडा? ती सांगत नाही, तू सांगत नाहीस. मग ज्यांना माहीत आहे त्यांनाच विचारावं लागेल. जामखेडकडं एक पार्सल द्यायचंच आहे.

अमृत


केडगाव, २३ ऑगस्ट

धनश्री,

आता तुला उत्तर द्यावंच लागेल, कारण आता मला सगळं कळलंय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तुझ्या वस्तीवर जाऊन आलो. तुझे तात्या बैलांना धूत होते. माझ्या अंगात कंपनीचा निळा शर्ट, पाठीला औषधांची बॅग. मी म्हणालो, नगरहून आलोय, धनश्रीच्या ट्रीटमेंटबद्दल बोलायचं होतं. ते म्हणाले, दवाखान्यातनं आलाव व्हय, या, बसा. मी दवाखान्यातून आलोय असं मी म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही.

तुझ्या आईनं चहा आणला. भागूबाईंना मी पहिल्यांदाच जवळून बघितलं. दोन्ही गालांवर वांगाचे काळे पट्टे, डोळ्यांच्या कडेनं उन्हाच्या चिरा. चाळिशीच्या बाई साठीच्या दिसतात. त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तात्यांनी आपणहून काढलं. मुकादमाचा पुतण्या, बिभीषण. चांगला उंचापुरा, ट्रॅक्टर चालवतो. यंदा त्याला तोडीला जायचंय आणि जोडीदारीण नाही. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देत नाही. म्हणून कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत, दसऱ्याला, तुझं आणि त्याचं लग्न उरकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवलं होतं, म्हणजे तुला माहीत होतं. आणि तू मला एक अक्षर बोलली नाहीस.

मग ते म्हणाले, "पन पोरगीच म्हनती, तोंडाचं इलाज चाललंय, तोंड नीट हुईस्तवर लग्नाचं नाव काढू नका. डॉक्टरनं सांगितलंय म्हनं, वरीसभर ऊन चालनार न्हाई."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोंड नीट होऊ द्या, मग लग्न! म्हणजे ह्या सगळ्या सुया, हे रक्त, ही छत्री त्या बिभीषणासाठी. त्याच्यासमोर जायचं तर गोरीगोमटी होऊन जायचं. आणि मी इकडं तुझ्या खुणेवर कागद लिहीत बसलोय.

मी काय केलं ते सांगतो, लपवत नाही. मी तुला खोटं पाडलं. तात्यांना सांगितलं की वर्षभर वगैरे काही नसतं, चार-सहा दिवस जपलं की झालं, मग खुशाल उन्हात जा. म्हणालो, आजार नाही काही, चेहरा उजळायची हौस आहे, शहरातल्या बायका करतात तशी. तुमची मुलगी तुम्हाला बनवतेय. मला वाटलं, म्हातारा पेटेल. असली खोटारडी पोरगी मुकादमाच्या घरात द्यायची म्हणजे आपलीच शोभा, असं म्हणून सोयरीक मोडेल. मग बघू तुझा बिभीषण.

पण ते पेटले नाहीत. म्हणाले, "तुमी दवाखान्याचं मानूस, तुमी सांगताव म्हंजी खरंच आसंल." आणि मोबाईल घेऊन गोठ्याच्या मागं गेले. कुणाशी तरी हळू बोलत होते. माझा चहा अर्धा कपात होता. तुझी आई आली, "झाला का च्या?" असं म्हणून कप माझ्या हातातनं काढून घेतला, आणि राहिलेला चहा माझ्यासमोर उंबऱ्याबाहेर ओतला.

त्यांना माझा कसला राग आला ते मला कळलं नाही. तूच त्यांना माझ्याबद्दल काही भरवलं असशील.

अमृत


केडगाव, १ सप्टेंबर

धनश्री,

आज निकितानं मला दादा म्हटलं नाही. नुसतं ए म्हणाली.

बॉक्स ठेवायच्या आत तिनं मला जिन्यात नेलं आणि सुरू झाली. तुला लिहिलेली चिठ्ठी वाचूनच बोलत होती, घडी घालायची राहू दे आता. म्हणाली, "तिला गोरं व्हायचं नव्हतं रे. तिला ऊन टाळायचं होतं. एवढा एक हंगाम."

मी म्हणालो, म्हणजे?

म्हणजे काय ते तिनं मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. तू नाही म्हणालीस तर घरचे ऐकत नाहीत. परीक्षा आहे म्हणालीस तर तात्या म्हणतात, पुस्तकं फडात घेऊन ये. पण डॉक्टरनं सांगितलंय म्हटलं की ते थांबतात, डॉक्टरपुढं त्यांचं काही चालत नाही. म्हणून त्या अभ्यासात नाव घालायला तू स्वतः निकिताच्या मागं लागलीस. तोंडाला टोचून घेतलंस आणि उन्हाचा नियम घेऊन घरी गेलीस. तोडीचा हंगाम टळला असता. मार्च-एप्रिलला तुझी तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली असती. त्याच्या पुढचं पुढं.

आणि एका निळ्या शर्टातल्या माणसानं वस्तीवर जाऊन सांगितलं की ऊन चालतं.

गुरुवारी तात्या येताहेत, तुला पुस्तकांसकट न्यायला. पितृपक्ष संपला की बार उडवायचा. हे सगळं तिनं सांगितलं आणि वर म्हणाली, "आता जा आणि अजून एखादी चिठ्ठी लिही." म्हणून लिहितोय.

मी तसाच वर गेलो. डॉ. पंकजांच्या केबिनमध्ये शिरलो. त्या फोटो बघत होत्या. कुणाचा तरी नुसता अर्धा चेहरा स्क्रीनवर मोठा करून लावलेला होता. मी सांगितलं की धनश्रीच्या वडलांना फोन करा आणि सांगा की ऊन लागलं तर तिचं तोंड जळेल, काळं पडेल, डोळे जातील, काय वाटेल ते सांगा. त्यांनी आधी विचारलं, तुम्ही कोण. म्हणालो, औषधं टाकतो. मग म्हणाल्या, मी खोटं सांगणार नाही.

मी आवाज चढवला. त्यांनी चढवला नाही. म्हणाल्या, "मी वर्ष कधीच म्हटलं नव्हतं. प्रत्येक बैठकीनंतर काही आठवडे कडक ऊन टाळायचं, एवढं सांगितलं. तिनं त्या सगळ्या बैठका एकापुढं एक लावून वर्ष केलं असेल, तर ते गणित तिचं."

मी विचारलं, मग हा एवढा खटाटोप करता कशाला, एका बाईचं हे आणि दुसऱ्या बाईचं ते केलं तर चालत नाही का? त्या म्हणाल्या, दोन बायका घेतल्या तर एक उन्हात राबते, दुसरी सावलीत बसते, मग फरक औषधाचा की उन्हाचा ते कळत नाही. एकाच चेहऱ्याचे दोन गाल घेतले की ऊन, झोप, खाणं दोघांना सारखं. तरीही आत्तापर्यंत दोन्ही गालांत फारसा फरक दिसत नाहीये, असं त्या म्हणाल्या. ज्या बाया उन्हात गेल्या त्यांचे दोन्ही गाल परत काळवंडले, ज्या नाही गेल्या त्यांचे दोन्ही सुधारले. माझ्यावरचा त्यांचा राग कुठं दिसला नाही. तो असता तर बरं झालं असतं.

मला एक राहून राहून सलतंय. आधी मला वाटलं, हे बिभीषणासाठी. जिन्यात उभं असताना वाटलं, माझ्यासाठी. निकिता म्हणते, परीक्षेसाठी. तिला कसं माहीत? तू तिला सगळं सांगतेस का? की माझ्यासाठीही थोडंसं होतं, आणि ते तू तिला सांगितलं नाहीस?

गुरुवारी मी तिथं असणार. माझी डिलिव्हरी असतेच गुरुवारी. मी काही करणार नाही. करणार नाही म्हणतोय ना.

अमृत


नगर, ५ सप्टेंबर

धनश्री,

कालचं तुला सांगायची गरज नाही, तू तिथं होतीस. पण तू तात्यांकडं तोंड करून उभी होतीस. माझ्या बाजूनं काय होतं ते तुला दिसलं नसेल, म्हणून सांगतो.

मी बॉक्स घेऊन आलो तेव्हा बाहेर जीप उभी होती. आत बाकावर तुझी आई आणि तिच्या पलीकडं बिभीषण. त्याच्याशी भांडायचं मी आठवडाभर घोकत होतो. एवढा मोठा गडी गुडघे जवळ घेऊन बसला होता आणि भिंतीवरचं सनस्क्रीनचं पोस्टर वाचत होता. मला बघून सरकला, जागा दिली. आता अशा माणसाशी भांडायचं कसं? मी उभाच राहिलो.

केबिनचं दार उघडंच होतं. तात्या डॉक्टरांना म्हणत होते की तुमचाच माणूस घरी आलता, त्यानंच सांगितलं चार दिवस ऊन टाळलं की झालं म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, आमचा माणूस? आम्ही कुणाला पाठवलं नाही. तात्या वळले आणि त्यांना मी दिसलो.

"ह्योच."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. निकितानं डोळे मिटून घेतले. मी म्हणालो, मी दवाखान्याचा नाही. मी औषधांचे बॉक्स टाकतो. वस्तीवर जे बोललो त्यातलं मला काही माहीत नव्हतं. डॉक्टर सांगतील ते खरं.

इथवर सोपं होतं. मग तात्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "मंग आमच्या घरला कशापायी आलतास?"

धनश्री, कधीपासून मी ह्या प्रश्नाची वाट बघत होतो. कुणीतरी मला विचारावं आणि मी छाती काढून सांगावं. तोंडात शब्द आला होता. आणि मला दिसलं की निकिताच्या काउंटरच्या मागं तुझी पुस्तकांची पिशवी ठेवलीय, नाडी बांधून. मी खरं बोललो असतो तर ती पिशवी त्याच मिनिटाला जीपमध्ये गेली असती, आणि पिशवीच्या मागं तू. पोरगी शिकत नाही, पोरं फिरवते, एवढं त्यांना बास होतं. मग कुठली डॉक्टर आणि कुठलं ऊन.

म्हणून मी म्हणालो, हा दवाखाना आमच्या शेठकडचा माल बंद करणार होता. त्यांचं नाव खराब करायला पेशंटच्या घरी गेलो. तुमचंच घर सापडलं.

निकितानं डोळे उघडले. डॉक्टरांनी चष्मा काढला. आणि तात्यांनी वाजवली. तू आवाज ऐकला असशील. कोणत्या गालावर ते सांगत नाही, बाहेरच्या डॉक्टरनं ओळखावं. माझा हात वर आला होता, खरं सांगतो, अर्ध्यापर्यंत आला होता. तो मी खिशात घातला. खिशात गाडीची चावी होती, ती मुठीत धरून उभा राहिलो.

मग त्यांनी तुला विचारलं, "ह्याला वळकतीस का गं?"

तू म्हणालीस, "न्हाई."

त्याबद्दल शेवटी लिहितो.

मी फरशी बघत राहिलो. डॉक्टर बोलायला लागल्या तेव्हा कुठं मान वर केली. डॉक्टरांनी तात्यांना जे खरं आहे तेच सांगितलं, प्रत्येक बैठकीनंतर काही आठवडे. तात्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "म्हंजी आता पुढं टोचलं न्हाई तर दसऱ्याच्या पुढं चालतंय." मला वाटलं, संपलं.

आणि तू बोललीस. इतक्या हळू की बाहेर बिभीषण पुढं झुकला. "चालतंय तात्या. तोंडाला चालतंय. पन मी येनार न्हाई. परीक्षा दिल्याबिगर मी कोयत्याला हात लावनार न्हाई."

खोटं सगळं संपल्यावर तू खरं बोललीस. हे मी करायला लावलं असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं वाटतंय, पण म्हणणार नाही.

तात्यांचा आवाज चढला. मुकादमाला शब्द दिलाय, चार माणसांत बोलणं झालंय, तोंड कुठं दाखवू, सगळं झालं. तेवढ्यात तुझी आई उठली. केबिनमध्ये गेली ती सरळ पेशंटच्या खुर्चीत बसली, डोक्यावरचा पदर मागं सारला आणि डॉक्टरांना म्हणाली, "बाई, मला घेता का ह्याच्यात?"

डॉक्टरांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. ह्या गालावर बघितलं, त्या गालावर बघितलं. म्हणाल्या, "घेते. पण नियम सगळ्यांना एकच आहे."

"व्हय की. म्हंजी मला बी ऊन चालनार न्हाई."

तात्या म्हणाले, "येडी झालीस का? आन् माझा कोयता?"

"आर्दा."

एवढंच म्हणाली. डोळे मिटून खुर्चीत मागं टेकली, जणू आत्ताच सुया टोचणार आहेत. बाकावरचा बिभीषण हसला. तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते त्याचे. तात्यांनी त्याच्याकडं बघितलं तसा तो उभा राहिला आणि म्हणाला, "चला तात्या. काकाला मी सांगतो, पोरीचं शिक्षान ऱ्हायलंय म्हनून. मला तरी कुनी इचारलं हुतं का?" आणि जीप वळवायला निघून गेला. जाताना माझ्या खांद्याला धक्का लागला त्याचा. मुद्दाम की चुकून, मला ठरवता येत नाही.

तात्या बराच वेळ तुझ्या आईकडं बघत राहिले. मला वाटतं, खूप दिवसांनी बघत असावेत. मग म्हणाले, "आता ऊठ, दुपारचं जामखेडला पोचायचंय." आणि पिशवी तिथंच ठेवून गेले. पिशवीकडं त्यांनी बघितलं होतं. न बघता गेले असं कुणी म्हणू नये.

तुझ्या आईनं दारातून जाताना माझ्या गालाकडं बघितलं. ह्या वेळी चहा ओतताना होते तसे डोळे नव्हते. तिला सगळं ठाऊक आहे, धनश्री. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

माझं सांगतो. डॉक्टरांनी मच्छिंद्रशेठला फोन करून विचारलं की आम्ही तुमचा माल बंद करणार असं कोण म्हणालं. शेठनं चावी काढून घेतली, शर्टही मागितला. सोनईला गहिनीनाथ म्हणून मित्राचा भाऊ आहे, त्याचं खतांचं दुकान आहे. उद्यापासून तिकडं. ही चिठ्ठी बॉक्समधून येणार नाही. निकिताच्या हातात देतोय, दारातूनच.

मी विचारणार होतो की सुया कुणासाठी होत्या. विचारत नाही. पहिल्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं की तुझ्या तोंडून नाही ऐकलं की परत विचारणार नाही. ती नाही वेगळ्या प्रश्नाची होती, पण ऐकली मी.

फर्स्ट इयरपासून तुझ्या चेहऱ्यावर काय येतं आणि काय जातं ते बघायची एक संधी मी सोडली नव्हती. कोण बोललं की तू हसतेस, कुणाचा फोन आला की वळून उभी राहतेस, सगळं. काल तू न्हाई म्हणालीस तेव्हा मी फरशीकडं बघत होतो. वर बघितलं असतं तर ती न्हाई खरी की खोटी ते मला कळलं असतं. आणि माझ्या तोंडाकडं बघून तात्यांनाही कळलं असतं.

अमृत